रानपिंगळा : खानदेशांतील एका हरवलेल्या पक्ष्याची कथा

(नभोवाणीवरील भाषण)

पक्ष्यांच्या शास्त्रीय संशोधनावर बोला, असें मला सांगण्यांत आलें तेव्हां प्रथम माझ्या डोळ्यांपुढें हतनूरचा जलाशय उभा राहिला. तापी आणि पूर्णा यांच्या संगमाजवळ अडविलेल्या त्या पाण्यावर हिवाळा लागला कीं उत्तरेकडून बदकांचे थवे उतरतात, आणि जळगांव-भुसावळची हौशी मंडळी दुर्बिणी घेऊन तिकडे लोटते. हजारों मैलांचा प्रवास करून येणाऱ्या त्या पाहुण्यांविषयीं बोलणें सोपें आहे व ऐकणाऱ्यांनाहि तें आवडतें. परंतु आज मी अशा एका पक्ष्याविषयीं बोलणार आहें कीं जो कोठेंहि जात नाहीं. सागाच्या ज्या रानांत तो जन्मतो, त्याच रानाच्या आसपास तो जगतो आणि मरतो. असें असूनहि हा घरकोंबडा पक्षी ११३ वर्षें एकाहि शास्त्रज्ञास सांपडला नाहीं! जो घर सोडून गेलाच नाहीं तो हरवला कसा, आणि सांपडला कसा, हें आज मला आपणांस सांगावयाचें आहे.

पिंगळा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. गांवाबाहेरच्या वडाच्या ढोलींत किंवा जुन्या वाड्याच्या भिंतींतील भोंकांत त्याचें बिऱ्हाड असतें, आणि दिवेलागणीच्या सुमारास त्या जोडप्याचें भांडण सुरू झालें कीं घरांतील वडीलधारीं माणसें चटकन् देवाचें नांव घेतात. पहाटेच्या अंधारांत कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्या भिक्षेकऱ्यालाहि आपण पिंगळाच म्हणतों. ह्या पक्ष्याच्या तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असतात, म्हणून पुस्तकांत त्याला ठिपकेदार पिंगळा म्हणतात.

रानपिंगळा हा त्याचाच रानांतला भाऊबंद. अंगानें साधारण तेवढाच, म्हणजे वीतभर. परंतु निरखून पाहिलें तर फरक दिसतो. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतातच. डोकें व पाठ अगदीं साधी, राखट तपकिरी. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात. छातीवर गडद तपकिरी रंग दाटलेला आणि त्याखालीं पोट स्वच्छ पांढरें. पायांवर दाट पांढरीं पिसें. जणू थंडीसाठीं कोणी लोकरीचे पायमोजे चढविले आहेत. चोंच आणि नख्या अंगाच्या मानानें थोराड. हें वर्णन, श्रोतेहो, कृपा करून ध्यानांत ठेवावें, कारण सगळी कथा ह्या डोक्यावरच्या ठिपक्यांवर येऊन ठेपणार आहे.

शास्त्राला हा पक्षी प्रथम ठाऊक झाला तो १८७२ सालीं. आजच्या छत्तीसगडांतील बसना-फुलझर भागांत ब्लेविट नांवाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानें एक नमुना मिळविला आणि तो अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या हातीं आला. होय, ज्यांचें नांव १८८५ सालच्या राष्ट्रसभेच्या स्थापनेशीं कायमचें जोडलें गेलें तेच हे ह्यूमसाहेब. राजकारणांत पडण्यापूर्वीं ते हिंदुस्थानांतील पक्षिशास्त्राचे अध्वर्यु होते, आणि 'स्ट्रे फेदर्स' नांवाचें एक नियतकालिक चालवीत. त्यांतच १८७३ सालीं त्यांनीं ह्या पक्ष्याचें नामकरण केलें : हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी. ग्रीक भाषेंत पहिल्या शब्दाचा अर्थ 'निराळें घुबड' असा होतो. पुढें १८७७ सालीं व्हॅलेंटाइन बॉल ह्या भूगर्भशास्त्रज्ञास ओरिसाच्या बाजूस खरियार येथें आणखी एक मिळाला.

ह्यानंतर कथा आपल्या खानदेशांत येते. जेम्स डेव्हिडसन नांवाचा सनदी नोकर त्या काळीं आपल्या भागांत होता. दौऱ्यावर असतां बंदूक आणि वही हीं दोन्हीं त्याच्याबरोबर असत. पश्चिम खानदेशांतील पक्ष्यांची त्यानें केलेली यादी १८८२ च्या सुमारास ह्यूमच्याच नियतकालिकांत छापून आली. शहादें, तळोदें ह्या बाजूच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या रानांत त्याला रानपिंगळा एकदां नव्हे, अनेकदां मिळाला. १८८४ सालीं त्यानें शेवटचा नमुना घेतला. आणि तेथून पुढें सर्व शांत. जगांतील सारीं संग्रहालयें धुंडाळलीं तरी ह्या पक्ष्याचे अवघे सात नमुने निघत. जिवंत पक्षी पाहिल्याचा खात्रीचा पुरावा कोणाजवळहि नव्हता. कित्येकांनीं तो नामशेष झाला असेंच धरून चालावयास सुरुवात केली होती.

मग शोध कोणींच घेतला नाहीं काय? घेतला. १९७० नंतरच्या दशकांत खुद्द सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांनीं त्याचा शोध केला, पण हातीं कांहीं लागलें नाहीं. ह्या अपयशी शोधांच्या काळांत पक्षिशास्त्राच्या ग्रंथांतून एक नोंद ठाण मांडून बसलेली होती. ऑक्टोबर १९१४ मध्यें गुजराथेंतील तापीकांठच्या मांडवी येथें कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनीं एक रानपिंगळा मारला, अशी ती नोंद. माइनर्ट्झहागेन म्हणजे लहान असामी नव्हे. लष्करांतला नांवाजलेला अधिकारी, पक्ष्यांवरील ग्रंथांचा कर्ता, आणि सुमारें २०,००० पक्ष्यांचा संग्रह १९५४ सालीं ब्रिटिश म्युझियमला देणगी देणारा दाता! त्याच्या शब्दावर अविश्वास कोण दाखविणार? त्यामुळें ह्या पक्ष्याची शेवटची भेट १८८४ ऐवजीं १९१४ ची ठरली, आणि शोध करणाऱ्याची नजर सातपुड्याच्या पायथ्यावरून खालीं गुजराथेकडे वळली.

ही नोंद खोटी होती, आणि ती खोटी ठरविली कशी तें ऐकण्यासारखें आहे.

पामेला रॅसमुसन ह्या अमेरिकन विदुषी हिंदुस्थानांतील पक्ष्यांवर एका मोठ्या ग्रंथाचें काम करीत होत्या. त्या निमित्तानें त्यांना माइनर्ट्झहागेनच्या संग्रहांतील नमुने वारंवार हाताळावे लागले, आणि चिठ्ठीवरील मजकूर व नमुना यांचा मेळ बसेना. तसें पाहतां संशयाला जागा जुनीच होती. १९१९ सालीं परवानगीवांचून नमुने नेल्याबद्दल ह्याच गृहस्थाला ब्रिटिश म्युझियमच्या पक्षिदालनांत कांहीं काळ बंदी झाली होती. परंतु मोठ्या माणसांचीं अशीं प्रकरणें कपाटांत पडून राहतात.

आतां हें लक्षांत घ्या कीं मेलेल्या पक्ष्याचें कातडें सोलून त्यांत कापूस भरणें, काडी घालणें, टांका घालणें, पाय बांधणें ह्यांत प्रत्येक माणसाची आपली अशी धाटणी असते. मी चौतीस वर्षें पोरांच्या वह्या तपासल्या आहेत. शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरविलेलें गणित आपण स्वतः सोडविलें असें कोणी शपथेवर सांगितलें तरी अक्षराच्या वळणावरून व चुकीच्या जागेवरून मास्तराला तें कळतेंच. तोच प्रकार येथें झाला. १९१४ च्या म्हणून मिरविणाऱ्या त्या रानपिंगळ्याचें पोट पुन्हां उसवून नवें भरलेलें होतें, आणि तरीहि मूळ कारागिराच्या हाताच्या खुणा त्यांत शिल्लक राहिल्या होत्या. तो हात डेव्हिडसनचा होता! म्हणजे खानदेशांतच मिळालेला तो पक्षी संग्रहालयांतून चोरून, त्याची जुनी चिठ्ठी काढून, नवी खोटी चिठ्ठी त्याच्या पायाला बांधली होती. रॅसमुसन आणि नायजेल कॉलर यांनीं हा सारा पुरावा १९९९ सालीं 'आयबिस' ह्या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला.

एका खोट्या चिठ्ठीनें काय होतें तें पाहा. माणसानें माणसास फसविलें तर एकाचें नुकसान होतें. येथें ३०, ४०, ५० वर्षें प्रामाणिक माणसें भलत्या नोंदीवर विसंबून राहिलीं. आणि तेवढ्या काळांत इकडे आपल्या डोंगरपायथ्याचीं रानें तुटत होतीं, त्यांत काय राहतें हें पाहावयास कोणी आलें नाहीं. मला त्या कर्नलाचा राग येतो तो ह्याच गोष्टीसाठीं.

चिठ्ठी खोटी हें एकदां पटल्यावर रॅसमुसन यांनीं साधा विचार केला : मांडवी सोडावी, आणि ब्लेविट, बॉल व डेव्हिडसन यांनीं जेथें पक्षी खरोखर मिळविला तेथेंच जावें. १९९७ च्या नोव्हेंबरांत बेन किंग आणि डेव्हिड अॅबट ह्या सहकाऱ्यांसह त्या हिंदुस्थानांत आल्या. आधीं पूर्वेकडील जुन्या जागा पाहिल्या. निराशा झाली. मग त्यांनीं खानदेश गांठला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं सकाळीं शहाद्याजवळच्या रानांत, चांगलें ऊन पडलेलें असतां, एका निष्पर्ण झाडावर त्यांना एक लहानसें घुबड बसलेलें दिसलें. डोक्यावर ठिपके नव्हते. पाय पांढरे होते. त्या वेळीं त्यांना काय वाटलें असेल त्याची कल्पना आपणच करावी. चित्रण झालें, छायाचित्रें घेतलीं गेलीं, आणि ११३ वर्षांचा पडदा उघडला. बंदूक झाडावी लागली नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

जातां जातां एक मौज. डेव्हिडसननें हा पक्षी मिळविला तेव्हां सगळा खानदेश एकच जिल्हा होता. १९०६ सालीं त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, त्यांचेच पुढें जळगांव व धुळें हे जिल्हे. पक्षी सांपडला तेव्हां शहादें धुळें जिल्ह्यांत होतें; आणि सातच महिन्यांनीं, १ जुलै १९९८ रोजीं, नंदुरबार हा निराळा जिल्हा झाला व शहादें त्यांत गेलें. फांदीवरून न हलतां रानपिंगळ्यानें तीन जिल्हे पाहिले!

पक्षी सांपडला, एवढ्यानें वर्तमानपत्रांचें काम भागतें. शास्त्राचें काम तेथून सुरू होतें. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी आणि फराह इश्तियाक यांनीं तळोदें-तोरणमाळच्या रानांत ह्या पक्ष्याच्या दिनचर्येचा अभ्यास केला. पद्धत ऐकावयास सोपी आहे. पक्ष्याचा आवाज ध्वनिमुद्रित करावयाचा, तो रानांत वाजवावयाचा आणि उत्तर कोठून येतें तें पाहावयाचें. मग त्या जोडप्यापाशीं दिवसचे दिवस बसून तें काय करतें हें घड्याळाप्रमाणें लिहावयाचें. सोपी ती ऐकावयासच. पहाटेच्या थंडींत दगडावर बसून, हातपाय न हलवितां, एका पक्ष्यानें एकदां मान वळविली अशी नोंद करण्यास जो संयम लागतो तो आपल्या घरांतील किती जणांत आहे हें ज्यानें त्यानें पाहावें.

ह्या बैठकीचें फळ काय मिळालें? पहिली गोष्ट अशी कीं हा पक्षी मुख्यतः दिवसाचा आहे. आपल्या भाषेंत घुबडाला दिवाभीत म्हणतात. दिवसाला भिणारा तो दिवाभीत. आणि येथें तर हा उन्हांत, झाडाच्या उघड्या शेंड्यावर, राजासारखा बसलेला! खालच्या पालापाचोळ्यांत कांहीं सळसळलें कीं झेप घालतो. पाली, सरडे, सापसुरळ्या हें त्याचें मुख्य अन्न. त्यांखेरीज उंदीर, किडे, क्वचित् बेडूक आणि लहान पक्षी. त्याच्या जाड चोंचीचा आणि थोराड नख्यांचा उलगडा ह्यांत होतो. मन चाळवलें कीं तो शेपटी झपाझप डावी-उजवी हलवितो. आवाजहि निराळा. गांवचा पिंगळा कर्कश कलकलाट करतो. ह्याची साद आंखूड आणि गोड आहे.

विणीचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत. झाडाच्या नैसर्गिक ढोलींत मादी बहुधा दोन अंडीं घालते व उबवीत बसते, आणि त्या काळांत नर तिला शिकार आणून देतो. येथपर्यंत ऐकून श्रोत्यांतील भगिनीवर्ग संतुष्ट झाला असेल. परंतु शास्त्राला आवडीनिवडी नाहींत. मोठ्या पक्ष्यानें आपलींच पिलें खाल्ल्याचीहि नोंद ह्या अभ्यासकांनीं केली आहे, आणि ती त्यांनीं लपविली नाहीं. असें कां घडतें ह्याविषयीं तर्क पुष्कळ करतां येतील. मी करीत नाहीं.

नांवाचा प्रश्न उरला होता. ह्यूमनें त्याला 'निराळें घुबड' म्हटलें तें बरोबर कीं तो आपल्या पिंगळ्याच्याच कुळांतला? २०१८ सालीं आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीवरून तो त्याच कुळांतला, म्हणजे अथीनी गोत्रांतला, असा निकाल प्रसिद्ध झाला. म्हणजे भाऊबंद हा शब्द मीं आरंभीं वापरला तो अगदींच वावगा नव्हता.

आतां थोडें माझ्याविषयीं सांगणें भाग आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. शास्त्रज्ञ नव्हे. साल १९८६ असावें किंवा १९८७. हिवाळ्यांत आम्हीं शाळेची सहल तोरणमाळास नेली होती. शहाद्याहून वर जातांना एस. टी. बिघडली, म्हणून मुलें खालीं उतरून रस्त्याकडेला बसलीं. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. इतक्यांत पावरा समाजाचा एक मुलगा मला म्हणाला, "गुरुजी, ते पाहा घुबड." सागाच्या वाळक्या शेंड्यावर खरोखरच एक लहान घुबड उन्हांत बसलें होतें आणि शेपटी हलवीत होतें. मीं तत्काळ मुलांना गोळा करून पाठ दिला : घुबड हा निशाचर प्राणी आहे, त्याला दिवसा दिसत नाहीं, हें आजारी असावें किंवा कावळ्यांनीं उठविलें असावें. तो मुलगा हळूच म्हणाला, "नाहीं गुरुजी, तें रोज असंच बसतं." मीं त्याला गप्प बसविलें. पुस्तकांत जें होतें तें मला पाठ होतें.

दहा-अकरा वर्षांनीं शहाद्याची बातमी आली तेव्हां मी रात्रभर तळमळलों. तो रानपिंगळा होता काय? मी होय म्हणत नाहीं. साधा पिंगळाहि कधीं कधीं दिवसा बाहेर दिसतो. त्याच्या डोक्यावर ठिपके होते कीं नव्हते हें मीं पाहिलें नाहीं, दिवस कोणता तें लिहून ठेवलें नाहीं, आणि ज्यानें पाहिलें होतें त्याला बोलूं दिलें नाहीं. आज ती आठवण शास्त्राच्या दृष्टीनें कवडीमोलाची आहे. पण त्या दिवशींचा तो मुलगा रानांत रोज पाहात होता आणि मी पाहात नव्हतों, एवढें मला स्पष्ट दिसतें.

१९९७ नंतर हा पक्षी इतर ठिकाणींहि सांपडला : आपल्या जळगांव जिल्ह्यांत यावलच्या अभयारण्यांत, मेळघाटांत, मध्यप्रदेशांत बऱ्हाणपूर-खांडव्याच्या बाजूस, आणि २०१४ सालीं तर ठाणे जिल्ह्यांत तानसा अभयारण्यांत. त्यामुळें २०१८ मध्यें आंतरराष्ट्रीय यादींत त्याला अतिसंकटग्रस्तांतून एक पायरी खालीं, संकटग्रस्त ह्या वर्गांत आणण्यांत आलें. हें ऐकून हुरळून जाण्याचें कारण नाहीं. जगांतील प्रौढ पक्षी मिळून हजाराच्या आंतच असावेत असा अंदाज आहे, आणि हें सारें जग म्हणजे मध्य हिंदुस्थानांतील सागाच्या रानांचे तुटक तुकडे.

तीं रानें कोणामुळें जातात? येथें शहरांत बसून बोट दाखविणें सोपें आहे. तळोद्याच्या रानांतील मोठा भाग सरदार सरोवरांत ज्यांचीं घरेंदारें बुडालीं त्यांच्या पुनर्वसनासाठीं देण्यांत आला. पाण्यानें हांकललेल्या माणसानें जावें कोठें? धरणाची वीज आणि पाणी वापरणारे आपण; झाड तोडणारा तो, असा हिशेब मांडणें मला न्यायाचें वाटत नाहीं. सागाची चोरटी तोड, जनावरांची चराई, दर उन्हाळ्यांतील वणवे हीं कारणें आहेतच. आणि जुनीं, पोकळ, लांकडाच्या दृष्टीनें निकामी झाडें प्रथम तोडलीं जातात, त्यांतच तर ह्याची ढोली असते. शिवाय जादूटोण्यासाठीं घुबडें मारणारे लोक अजून आहेत. तो माल विकत घेणारीं गिऱ्हाइकें मात्र पुष्कळदां शिकलेल्या घरांतील असतात, हें आपल्या कानांवर घालतों.

गेल्या हिवाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी मला यावल अभयारण्याजवळ पालच्या बाजूस घेऊन गेला. गुडघे दुखतात, तरी गेलों. सकाळीं सहापासून नऊपर्यंत एका सालईच्या झाडासमोर बसलों. सव्वाआठला एक घुबड येऊन वाळक्या फांदीवर बसलें. माझे हात कांपूं लागले, म्हणून विद्यार्थ्यानें दुर्बीण धरली आणि मीं पाहिलें. मग खिशांतील वही काढून तारीख, वेळ, जागा आणि झाड लिहिलें, व त्याखालीं लिहिलें : "डोक्यावर ठिपके स्पष्ट. साधा पिंगळा. रानपिंगळा नव्हे."